ॲडमिट झालो, ॲडमिट केलं

त्या कागदावर मला ओळखीचा एकच शब्द दिसला आणि त्याच्या भरवशावर मी सही केली.

माझी शाळा आठवीत सुटली. सुटली असं मी सगळ्यांना सांगतो; खरं तर सोडली. आमच्या तालुक्यातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. चुलत्यांनी विचारलं, येतोस का चेन्नईला, आणि मी दप्तर खुंटीला लावून निघालो. त्याला वीस वर्षं झाली. इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे तीनच वर्षं शिकलो. अक्षरं लावता येतात. बसवरची पाटी, औषधाची बाटली, दुकानाचं नाव एवढं जमतं. पण पानभर इंग्रजी समोर आलं की मी जत्रेत हरवलेल्या माणसासारखा ओळखीचे चेहरे शोधत फिरतो. एखादा सापडला की त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो, बाकीच्या गर्दीकडे बघत नाही.

टी. नगरमधल्या एका सराफी दुकानाच्या चौथ्या मजल्यावर माझी खोली आहे. खोली म्हणजे कामाची. खाली गिऱ्हाईक जुना दागिना देतं, तो वर माझ्याकडे येतो. मुशीत वितळवायचा, त्यात चांदी घालायची, पत्रा पातळ करायचा आणि मग तेजाबात उकळायचा. चांदी-तांबं तेजाबात विरघळतं आणि शुद्ध सोनं तळाशी राहतं, तपकिरी, गाळासारखं. नव्या माणसाला दाखवलं तर तो म्हणेल, हा चिखल फेकून द्या. उकळताना नारिंगी धूर निघतो. तो छातीत गेला तर माणूस जातो, म्हणून भिंतीत एक मोठा पंखा बसवलाय. तेजाब तापतंय तोवर पंखा चालू, हा या कामाचा पहिला धडा. चुलत्यांनी तो मला पहिल्याच दिवशी दिला होता, कानाखाली एक ठेवून.

पंखा जुना होता, फार आवाज करायचा. इमारतीचा इलेक्ट्रिशियन, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तो कानामागे टेस्टर खोचून यायचा, पंख्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बेअरिंग गेलंय. वर लिहून दिलंय. मंजूर झालं की बदलतो." मंजूर काही होत नव्हतं.

एका शनिवारी दुपारी मी त्या खोलीत पडलो. आधी खोकला आला, मग डोळ्यांपुढे अंधारी, मग दाराची कडी हातात आल्यासारखी वाटली आणि पुढचं आठवत नाही. नंतर कळलं की लिफ्ट खालच्या मजल्यावर अडकली होती. अण्णानं मला खांद्यावर टाकलं आणि चार मजले उतरून रिक्षात घातलं. त्याचं वय पन्नाशीच्या पुढचं. माझं वजन सत्तर किलो.

जवळच्या दवाखान्यात मला चार दिवस ॲडमिट केलं. नाकाला नळी, बोटाला चिमटा. दुसऱ्या दिवशी आमचे मॅनेजर इडलीचा डबा घेऊन आले. चांगला माणूस. खाटेच्या कडेला बसून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, पंख्याचं काय झालं? मी म्हणालो, "निन्नुपोच्चु, सर." म्हणजे थांबून गेला, बंद पडला. त्यांनी मान हलवली, माझ्या पायावर थोपटलं आणि गेले. ते गेल्यावर मला रडूच आलं. वाटलं, परक्या मुलखात आपल्यासाठी डबा घेऊन येणारा मालकाचा माणूस, आपण कोणत्या जन्मी एवढं पुण्य केलंय.

बुधवारी घरी सोडलं. गुरुवारी कामावर गेलो तर आधी ऑफिसात बोलावलं. तिथे कर्मचाऱ्यांचं बघणारी एक नवी बाई आली होती, उत्तरेकडची, तमिळ न येणारी. तिनं दोन कागद पुढे सरकवले. पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली, "लीव्ह." ते कळलं, चार दिवसांची रजा. दुसऱ्यावर बोट ठेवून तिनं माझ्याकडे जरा रोखून बघितलं आणि विचारलं, "यू ॲडमिट?"

मी म्हणालो, "यस मॅडम. ॲडमिट. फोर डेज."

ती गोंधळल्यासारखी झाली. "रीड अँड साइन," म्हणाली आणि फोन घेतला.

मी वाचलं. म्हणजे चेहरे शोधले. पहिलंच वाक्य, 'आय ॲडमिट'. पुढे शनिवारची तारीख. पुढे बरीच गर्दी. मध्ये 'एक्झॉस्ट' दिसला, तो पंखा. बरोबर आहे की, पंख्यामुळेच ॲडमिट झालो होतो. दवाखान्याच्या बिलाचा कागद असणार. आपल्याला न विचारता यांनी एवढं टाइप करून ठेवलं, म्हणून मला त्या बाईबद्दलही बरं वाटलं. मी देवनागरीत सही केली आणि तिला हात जोडले.

शुक्रवारी अण्णा वर आला. मधले दिवस तो आला नव्हता, मी दवाखान्यात असताना पंखा दुसऱ्याच कुणीतरी पाहिला होता म्हणे. अण्णानं दारातूनच मला हाक मारली, जवळ आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "रोम्ब नन्द्री, तंबी," म्हणाला. फार उपकार झाले. आणि एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला, घरी केलेल्या मुरुक्कूचा, आपल्या चकलीचा भाऊच तो. मला खांद्यावरून उतरवणारा माणूस माझेच आभार मानतोय हे मला नवलाचं वाटलं. मी समजलो, मी वाचलो याचा त्याला आनंद झालाय. देवमाणूस आहे, असं मनात म्हणत मी दोन दिवसांत मुरुक्कू संपवले.

शनिवारी संध्याकाळी कामावरून निघताना पाकीट मिळालं. वर माझं नाव टाइप केलेलं. आत एकच पान, खाली शिक्का. त्यातही ओळखीचा चेहरा होता, जरा शेपूट लागलेला, 'ॲडमिटेड'. बिल मंजूर झालं, असं मी धरून चाललो.

मी पश्चिम मांबळमला एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. खाली मामी राहतात, माझ्या नात्यातल्या नव्हेत, सगळेच त्यांना मामी म्हणतात. त्या मराठी आहेत, पण आपल्यासारख्या नाहीत. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आली आणि तिकडचीच झाली. त्यांचं मराठी माझ्या पणज्याच्याही आधीचं असावं. 'बसा' म्हणत नाहीत, 'बैसा' म्हणतात. 'झालं'चं 'जाहलें'. मधूनच तमिळ शब्द येतो आणि वाक्याचा शेवट वर उचलला जातो. मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ, आणि अहोजाहो करतात. एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी गावाकडचं बोलतोय म्हणून त्या हसत होत्या आणि त्या पोथी वाचताहेत म्हणून मी.

मी पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेलो. मनात होतं, जरा मोठ्यानं वाचून घेऊ, आनंद दुप्पट होईल.

"बैसा. कापी घेतां?" म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. एकदा वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. कापीचा, म्हणजे कॉफीचा, विषय राहूनच गेला.

"तंबी, तुम्हीं काय ॲडमिट केलांत?"

"मी नाही केलं, मामी. मला केलं."

"नाहीं. येथें लिहिलें आहे, तुम्हीं केलांत."

"मी कसा करीन? मी बेशुद्ध होतो. अण्णानं केलं."

त्यांनी चष्मा काढला. "दवाखाना नव्हे हो. ॲडमिट म्हणजे कबूल करणें. तुम्हीं कबूल केलांत, पंखा मीच बंद केला, नियम मोडला, म्हणून. आतां ते विचारतात, तुम्हांस कामावरून कां काढूं नये? तीन दिवसांत लिहून द्या म्हणतात."

मी तो कागद त्यांच्या हातून घेतला आणि तो शब्द पुन्हा शोधला. ॲडमिट हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. आजोबांना ॲडमिट केलं, शेजारणीला बाळंतपणाला ॲडमिट केलं, अख्ख्या गावात ज्यांना एबीसीडी येत नाही त्यांनाही हा शब्द येतो. तो मला इंग्रजी वाटतच नव्हता. आपल्याच घरातला माणूस वाटायचा. आणि त्यानंच मला धरून दिलं होतं.

"दोन निरनिराळे शब्द असतील मामी," मी म्हणालो. "सारखे दिसत असतील."

"एकच," त्या म्हणाल्या आणि आतून जाडजूड शब्दकोश घेऊन आल्या, पाठीला पट्टी चिकटवलेला. आता त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली होती. माझं काय होणार आहे हे त्या घटकाभर विसरल्याच, आणि खरं सांगतो, मीही विसरलो. मूळ लॅटिन, त्यांनी सांगितलं. 'अड' म्हणजे कडे, 'मित्तेरे' म्हणजे पाठवणें, सोडणें. दोन्ही मिळून, आंत येऊं देणें. दवाखाना रोग्याला आत घेतो, शाळा पोराला आत घेते, म्हणून ॲडमिशन. सिनेमाच्या जुन्या तिकिटावर 'ॲडमिट वन' छापायचे, एकाला आत सोडा. आणि माणूस एखादी गोष्ट कबूल करतो, तेव्हा तो ती गोष्ट आत येऊ देतो. दारात उभी असते, नाही म्हणून चालत नाही.

"परमिट, सबमिट, कमिट, सगळीं भावंडें," मामी म्हणाल्या.

परमिट रिक्षावाल्याकडून माहीत होतं, सबमिट रेशन कार्डाच्या खिडकीवरून. एवढं मोठं घराणं आणि मी एकाच्याच ओळखीवर सही करून बसलो.

"मग आय ॲडमिट म्हणजे मी दवाखान्यात गेलो, असं कधीच होत नाही?"

"कधींच नाहीं. तेथें तुम्हीं करीत नाहीं, तुम्हांस करतात. आय वॉज ॲडमिटेड. नुसतें आय ॲडमिट म्हटलें कीं करणारे तुम्हीं." मग म्हणाल्या, "तमिळांत ओत्तुक्को म्हणतात, ठाऊक आहे कीं?"

होतं. रिक्षावाले भांडताना एकमेकांना म्हणतात, ओत्तुक्को, मान्य कर. त्यातला 'को' म्हणजे स्वतःकडे घे, हे मात्र मामींनी सांगितलं तेव्हा कळलं. वीस वर्षं मी तो शब्द नुसता शिवीसारखा ऐकत होतो.

मग त्यांनी वही उघडली. "सेरि, बरें, आतां उत्तर लिहूं. तुम्हीं शब्दाचा अर्थ जाणत नव्हतां, म्हणून सही केलांत. हें खरें आहे. कोणीही मानील. ती सही फुकट जाहली. आतां पुढें लिहूं, खरें काय जाहलें. सांगा."

मी शब्दकोश मिटून बाजूला ठेवला.

"पंखा कसा बंद जाहला, तंबी?"

तेव्हा मला मुरुक्कूचा डबा आठवला. अण्णाला मधले दिवस येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्याला बोलावलं होतं. मॅनेजर माझ्या खाटेवरून उठून गेले ते 'पंखा बंद पडला' हे वाक्य घेऊन गेले, आणि पंखा बंद पडला तर तो कुणाचा दोष? मी सही केली गुरुवारी. अण्णा आला शुक्रवारी. आभार कशाचे मानत होता ते मला शनिवारी संध्याकाळी, मामींच्या खुर्चीत बसून कळलं. त्याला वाटलं होतं, मी स्वतःहून लिहून दिलं. मी त्याची भाकरी वाचवली.

पंखा मी बंद केला होता.

माझी मुलगी गावाला सहावीत आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून दुपारी ती फोन करते आणि मला इंग्रजी क्रियापदं म्हणून दाखवते. बाबा शहरात राहतात म्हणजे बाबांना इंग्रजी येतं, असा तिचा ठाम समज आहे आणि मी तो मोडलेला नाही. त्या दिवशी तिचं चाललं होतं, गो-वेन्ट-गॉन, सी-सॉ-सीन. मध्येच म्हणाली, "बाबा, कटचं काय होतं सांगा." पंख्याच्या घरघरीत मला ऐकूच येईना. मी दाराजवळ गेलो आणि बटण दाबलं. दोन मिनिटांपुरतं. खोलीत एकदम शांत झालं आणि तिचा आवाज इतका जवळ आला, जणू शेजारी पाटावर बसलीय. "कट-कट-कट," ती हसत म्हणाली, "काहीच बदलत नाही. पुट-पुट-पुट." मी ऐकत बसलो. मागे तेजाब उकळत होतं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी ते विसरलो.

आमच्या खोलीत कॅमेरा आहे, पण तो सोन्याकडे बघतो, बटणाकडे नाही. त्यात एवढंच दिसलं असणार की हा फोन कानाला लावून दाराकडे गेला. ऑफिसातल्या बाईनं त्यावरून ओळखलं आणि कागद केला. ती विचारत होती ते बरोबरच होतं. यू ॲडमिट?

मॅनेजरांना मी 'थांबून गेला' का म्हणालो, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. नाकात नळी होती, भीती होती, ते इडली घेऊन आले होते. तोंडातून तेच आलं. खोटं बोललो असं तेव्हा वाटलंही नाही.

मामींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली नाही की मला बोलल्या नाहीत. पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"मग मीं काय लिहूं?" त्यांनी विचारलं. "अर्थ कळला नाहीं, एवढेंच लिहिलें तरी तें खोटें नव्हे. तुमचें काम राहील."

"आणि अण्णा?"

त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

रविवारी दिवसभर मी गच्चीवर बसलो होतो. नोकरी गेली तर दुसरीकडे कोण घेणार? आमचा धंदा विश्वासावर चालतो, नियम मोडला म्हणून काढलेला माणूस आठवड्याभरात सगळ्या दुकानांत माहीत होतो. गावी घर माझ्यावर आहे. पोरीला काय सांगू, तुझ्या पुट-पुट-पुटमुळे? ते तर तिला मरेपर्यंत कळता कामा नये. दुसरीकडे डोळ्यांपुढे ते चार मजले येत होते. मी बेशुद्ध होतो, मला ते आठवत नाहीत, तरी दिसत होते.

संध्याकाळी खाली गेलो आणि म्हणालो, मामी, मी मराठीत लिहितो, तुम्ही इंग्रजी करा. लिहिलं. आठ ओळींना तास लागला. पण मामींना आपली अक्षरं सरावाची नाहीत, त्यांचं मराठी लिहिणं तमिळ अक्षरांत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. "तुम्हींच वाचा."

म्हणजे मला ते तोंडानं म्हणावं लागलं. पंखा बंद पडला नाही, मी बंद केला. दवाखान्यात मी खोटं सांगितलं. इलेक्ट्रिशियनचा दोष नाही. पहिल्या कागदावर मी अर्थ न कळता सही केली, या कागदावर कळून करतो. मामी ऐकून ऐकून इंग्रजी लिहीत गेल्या. शेवटी कागद माझ्याकडे फिरवून एका शब्दाखाली त्यांनी बोट ठेवलं. मी तो लावून वाचला. या वेळी त्याच्या शेजारचेही सगळे विचारून घेतले, एकेक.

सोमवारी मॅनेजरांनी दोन्ही कागद वाचले, म्हणजे इंग्रजीचा वाचला आणि मराठीचा बघितला. बराच वेळ.

"हे तर तू गुरुवारीच लिहून दिलंस," ते तमिळमध्ये म्हणाले.

"गुरुवारी मी दवाखान्याचं बिल समजून सही केली, सर."

त्यांनी ऑफिसातल्या बाईला हाक मारली आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून खाली बसली. "फोर डेज," ती हळूच म्हणाली. तिला आता ते कळलं होतं.

मॅनेजर हसले नाहीत. "सही चुकून केलीस, ते सोड," म्हणाले. "मी समोर बसून विचारलं तेव्हा तू काय बोललास? मी त्या माणसाला तोंडावर नालायक म्हणालो. तुझ्या शब्दावर." शेवटी त्यांनी सांगितलं, पंधरा दिवस येऊ नकोस, नंतर ये. यापुढे फोन खाली कुलपात राहील. मी हात जोडायला लागलो तर म्हणाले, "मला नको. जिन्याखाली बसलाय तो."

अण्णा जिन्याखालच्या त्याच्या खोपटात तारेचं भेंडोळं सोडवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. की मी तुझ्यासाठी काही लिहून दिलं नव्हतं. मला वाचताच आलं नव्हतं. उलट तुझ्यावर जे आलं ते माझ्यामुळेच आलं.

तो तार सोडवत राहिला. चार गाठी सुटेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मग कानामागचा टेस्टर काढून खिशात ठेवला.

"म्हणजे मी नन्द्री म्हणालो ते फुकट."

"हो, अण्णा."

"बायकोनं पहाटे उठून केले होते."

"हो."

"मग मुरुक्कू परत दे," तो म्हणाला.

डबा माझ्या पिशवीत होता, धुतलेला, रिकामा. तेही मी कबूल केलं.